डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आणि स्त्रियांचे अबोल दुखणे

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या कर्तबगार व्यक्तीचे चरित्र अथवा एखाद्या जुन्या संस्थेचा इतिहास द्यावा, असा प्रघात आहे. दानशूर, शिक्षक, वकील, व्यापारी, देशभक्त अशा अनेकांची चरित्रे आजवर ह्या पानांतून वाचकांनी आपुलकीने वाचली. यंदा आम्ही एका शस्त्रवैद्याच्या कार्याचा परिचय करून देण्याचे योजिले आहे. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर हे त्यांचे नाव. ते आपल्या ज्ञातीचे होते की नव्हते, ह्या प्रश्नात आम्ही मुद्दाम शिरत नाही. ज्याच्या हाताने असंख्य घरांतील मायबहिणींचे दुःख हलके झाले, त्याचे ऋण मानताना ज्ञाती विचारण्याचे कारण नाही.

विषय थोडा संकोचाचा आहे, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे. ही स्मरणिका घरोघरी जाते व आजोबांपासून नातीपर्यंत सर्वांच्या हाती पडते. अशा पुस्तकात गर्भाशयाच्या विकारांची चर्चा असावी काय, अशी शंका आमच्याही मनात आली होती. परंतु ती शंका दूर करणारी एक आठवण आमच्याच घरातील आहे, आणि तिच्यामुळेच आम्ही हा लेख लिहावयास बसलो.

आमच्या वडिलांची थोरली बहीण आमच्याकडेच असे. सात बाळंतपणे झालेली, कामाला वाघ, बोलण्यात खमकी. पण आम्हा मुलांना तिच्या काही गोष्टींचे कोडे पडे. ती कधी देवदर्शनाला येत नसे, लग्नकार्यात पंगतीला बसत नसे, बैलगाडीने वा मोटारीने कोठे जात नसे. सर्वांपासून दूर, ओटीच्या कोपऱ्यात, खाली जुनेराची घडी घेऊन ती बसे. घरातील मोठी माणसे तिला विक्षिप्त म्हणत. आम्ही पोरे तर तिची थट्टाही करीत असू. १९५९ साली ती वारली. शेवटचे स्नान घालणाऱ्या बायकांच्या तेव्हा ध्यानी आले की, तिचे अंग कित्येक वर्षांपासून बाहेर आलेले होते व त्यावर व्रण पडले होते. ही हकीकत आमच्या मातोश्रींनी आम्ही चांगले कर्ते झाल्यावर, तीही अर्ध्याच शब्दांत, आम्हांस सांगितली.

कोकणातील आमचे ते घर मुंबईपासून बोटीने एका दिवसाच्या वाटेवर होते. आणि मुंबईत त्याच वर्षी हे दुखणे बरे करणारे जगप्रसिद्ध हात काम करीत होते. एका दिवसाचे ते अंतर आमच्या आत्याच्या आयुष्यात तुटले नाही, कारण ते मैलांचे नव्हतेच. ते बोलण्याचे होते.

प्रथम दुखण्याचे स्वरूप थोडक्यात समजून घेतले पाहिजे. स्त्रीच्या ओटीपोटात पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय व मागे मलाशय अशी रचना असते. ह्या तिन्हींना खालून तोलून धरणारा स्नायूंचा एक पाळणा असतो, आणि गर्भाशयाला बाजूंनी व मागून बांधून ठेवणारे चिवट बंध असतात. त्यांतील मागचे बंध पाठीच्या कण्याच्या तळाशी असलेल्या त्रिकास्थीपर्यंत जातात. लांबलेली अवघड बाळंतपणे, एकापाठोपाठ एक येणारी गर्भारपणे, बाळंतपणानंतर विश्रांती न मिळता उचललेली ओझी, जुनाट खोकला, मलावरोध, उतारवय ह्यांमुळे हा पाळणा सैल पडतो व बंध ताणले जातात. मग गर्भाशय खाली सरकते. कधी योनिमार्गाच्या पुढच्या भिंतीतून मूत्राशय तर कधी मागच्या भिंतीतून मलाशय फुगवट्यासारखे खाली येते. आपल्या बायका ह्यालाच ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. खोकताना, शिंकताना, हंडा उचलताना लघवी सुटणे हे ह्याच कुळातील दुसरे दुखणे. ह्या विकारांनी माणूस सहसा तडकाफडकी मरत नाही, आणि म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष झाले. मात्र बसणे, उठणे, चालणे, चारचौघांत मिसळणे ह्या साध्या गोष्टी त्यांच्यामुळे दुर्लभ होतात.

हे दुखणे प्राचीनांना ठाऊक होते. चरक व सुश्रुत ह्या दोघांनीही वीस योनिव्यापदांचे वर्णन केले असून, सुश्रुताने त्यांतील एकीला ‘प्रस्रंसिनी’, म्हणजे खाली घसरणारी, असे नाव दिले आहे. तथापि तेल, धूप, औषधी बोळे व कपड्याचे बंध ह्यांपलीकडे उपाय जात नसत. युरोपातही कित्येक शतके योनिमार्गात आधारासाठी कडी अथवा गोळा बसविणे हाच मुख्य इलाज होता.

शस्त्रक्रियेचा मार्ग खुला झाला तो एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचा आरंभ अभिमानाने सांगण्याजोगा नाही. अडलेल्या बाळंतपणात मूत्राशय व योनिमार्ग ह्यांच्यामध्ये भोक पडले, तर लघवी अहोरात्र गळत राहते. अमेरिकेतील अलाबामा राज्यात जे. मॅरियन सिम्स ह्या डॉक्टरने १८४५ पासून चार वर्षे ह्या भोकावर शस्त्रक्रिया करून पाहिल्या व १८४९ साली चांदीच्या तारेचे टाके घालून ते बंद करण्यात यश मिळविले. परंतु ज्यांच्यावर हे प्रयोग झाले त्या अनार्का, बेट्सी, लूसी व इतर स्त्रिया गुलाम होत्या. एकट्या अनार्काने सुमारे तीस शस्त्रक्रिया सोसल्या, त्याही भूल न देता. न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कमधील सिम्स यांचा पुतळा २०१८ साली हलविण्यात आला. ह्या शास्त्राचा पाया कोणाच्या वेदनेवर उभा आहे, ह्याची आठवण त्या निमित्ताने जगाला झाली. आम्हीही ती येथे मुद्दाम नोंदवीत आहो.

अंग बाहेर येण्यावरील शस्त्रक्रियेस इंग्लंडात चांगले वळण लागले. मँचेस्टर येथील आर्चिबाल्ड डॉनल्ड यांनी १८८८ साली एक पद्धत सुरू केली व पुढे फॉदरगिल यांनी तीत सुधारणा केली. सैल पडलेल्या भिंती शिवून घ्यावयाच्या, लांबलेले गर्भाशयाचे मुख कापून टाकावयाचे आणि बाजूचे बंध पुढे आणून जोडावयाचे, असे तिचे स्वरूप होते. ही ‘मँचेस्टर शस्त्रक्रिया’ जगभर पसरली. मुले होऊन गेलेल्या स्त्रीला ती उपकारक ठरे. मात्र जिला अद्याप मूल हवे आहे अशा तरुण स्त्रीची कथा निराळी होती. गर्भाशयाचे मुख कापल्यावर काहींना गर्भ राहत नसे, आणि राहिला तर तो टिकेलच असा भरवसा नसे. ह्याच अडचणीतून डॉ. शिरोडकरांचे कार्य उगवले आहे, म्हणून वाचकांनी ती ध्यानात ठेवावी.

आता आपण मुंबईकडे वळू. ग्रँट मेडिकल कॉलेज व जमशेटजी जिजीभाई रुग्णालय ह्यांची स्थापना १८४५ ची. रुग्णालय झाले, तरी पुरुष डॉक्टरांसमोर स्त्रिया येत नसत. ह्या अडचणीवर उपाय म्हणून १८८६ साली केवळ स्त्रिया व मुले ह्यांच्यासाठी कामा रुग्णालय सुरू झाले व तेथे स्त्री डॉक्टरांची नेमणूक झाली. त्याच वर्षी आनंदीबाई जोशी अमेरिकेत वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या. परंतु पुढच्याच वर्षी त्यांचे देहावसान झाले. डॉ. रखमाबाई लंडनहून शिकून १८९४ साली परतल्या आणि त्यांनी सुरतेस स्त्रियांची दीर्घकाळ सेवा केली. स्त्रियांचे दुखणे ऐकून घेणारे कान अशा रीतीने हळूहळू तयार होत गेले. त्या दुखण्यावर आपल्या लोकांच्या परिस्थितीस अनुरूप अशी शस्त्रक्रिया शोधणारे हात मात्र अद्याप यावयाचे होते.

विठ्ठल नागेश शिरोडकर यांचा जन्म २७ एप्रिल १८९९ रोजी गोव्यातील शिरोडा ह्या गावी झाला. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. हुबळीस शालेय शिक्षण घेऊन ते मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९२३ साली एम. बी. बी. एस. झाले. १९२७ साली प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्र ह्या विषयांत त्यांनी एम. डी. पदवी मिळविली. पुढे विलायतेस जाऊन १९३१ साली ते एफ. आर. सी. एस. झाले. परत आल्यावर त्यांनी ज्या संस्थेत शिक्षण घेतले तिचीच सेवा पत्करली. जे. जे. रुग्णालयात मानद शस्त्रवैद्य व १९४० पासून ग्रँट मेडिकल कॉलेजात मानद प्राध्यापक म्हणून त्यांनी काम केले. मानद ह्या शब्दाचा अर्थ आजच्या तरुण वाचकांस सांगावयास हवा. त्या काळी नामांकित डॉक्टर आपला खाजगी व्यवसाय सांभाळून सरकारी रुग्णालयात गरिबांची शुश्रूषा व विद्यार्थ्यांचे अध्यापन बहुधा नाममात्र मोबदल्यावर करीत. मुंबईच्या वैद्यकीय शिक्षणाची इमारत बऱ्याच अंशी ह्या मानद डॉक्टरांच्या खांद्यांवर उभी राहिली.

जे. जे. सारख्या रुग्णालयात येणारी रुग्ण स्त्री कोण होती? कोवळ्या वयात लग्न झालेली, लवकर व वरचेवर बाळंत होणारी, बाळंतपणानंतर काही दिवसांतच पाण्याच्या घागरी वाहू लागणारी. अंग बाहेर येण्याचा विकार तिला विलायतेतील स्त्रीपेक्षा कमी वयात गाठे. पंचविशीतील मुलगी, पदरी एखादेच मूल किंवा तेही जगलेले नाही, अशा अवस्थेत ती डॉक्टरांसमोर येई. तिचे गर्भाशय काढून टाकणे अथवा त्याचे मुख कापणे म्हणजे दुखणे बरे करून संसार मोडणे होय. मूल नाही म्हणून घरात सवत आणण्याची रीत तेव्हा सर्रास होती. मुंबई प्रांतात हिंदूंच्या द्विभार्या विवाहास बंदी करणारा कायदा झाला तो १९४६ साली. ही वस्तुस्थिती विलायतेच्या ग्रंथांत लिहिलेली नव्हती. ती वॉर्डातल्या खाटेवर दिसत होती.

डॉ. शिरोडकरांनी मँचेस्टर पद्धतीत जो बदल केला, त्याचे मर्म एका वाक्यात सांगता येईल: कापू नका, बांधा. त्यांनी गर्भाशयाचे मुख जसेच्या तसे राखले. गर्भाशयाला मागे त्रिकास्थीकडे बांधणारे जे दोन बंध असतात, ते मुखापासून सोडवून घेऊन पुढे आणावयाचे, एकमेकांवरून ओलांडून मुखाच्या पुढील बाजूस शिवावयाचे, आणि मागील पोकळी उंचावर बंद करून आतड्याला खाली उतरण्यास वाव ठेवावयाचा नाही, अशी ही पद्धत होय. जे बंध सैल पडून गर्भाशय खाली आले, तेच बंध आखूड करून त्याला पुन्हा वर व मागे ओढून धरावयाचे. स्त्रीचे दुखणे जाते व तिची कूसही शाबूत राहते. वैद्यकाच्या ग्रंथांत ही शस्त्रक्रिया आजही शिरोडकरांच्या नावाने शिकविली जाते.

गर्भाशयाच्या मुखाचे जतन करण्याचा हा ध्यास लक्षात घेतला म्हणजे त्यांचे दुसरे व अधिक प्रसिद्ध कार्य सहज समजते. काही स्त्रियांचे गर्भ चौथ्या ते सातव्या महिन्यांत वारंवार पडतात. गर्भ निरोगी असतो, आई निरोगी असते, तरी ठराविक सुमारास फारशा कळा न येता सर्व संपते. अशा स्त्रीला पूर्वी अंथरुणास खिळवून ठेवीत, संप्रेरकांची इंजेक्शने देत. घरचे लोक नवससायास करीत, दृष्ट काढीत, आणि अखेरीस तिच्याच नशिबाला बोल लावीत. डॉ. शिरोडकरांच्या लक्षात आले की, ह्यांतील कित्येक स्त्रियांच्या गर्भाशयाच्या मुखाचे आतले कडे दुबळे असते. गर्भ वाढून भार पडताच ते अकाली उघडते. अवघड बाळंतपणात वा पूर्वीच्या शस्त्रक्रियेत इजा झाल्यामुळे असे होऊ शकते. काहींत ते मूळचेच दुबळे असते.

अमेरिकेतील शिकागो येथे लॅश ह्या शस्त्रवैद्यांनी १९५० साली अशा मुखाची दुरुस्ती सुचविली होती, परंतु ती गर्भ नसताना करावयाची होती. गर्भ पोटात असतानाच मुखाभोवती आधार घालण्याचे धैर्य डॉ. शिरोडकरांनी दाखविले. मुखाच्या पुढे व मागे त्वचेला लहानसा छेद घ्यावयाचा, मूत्राशय हलकेच वर सारावयाचे, आणि आतल्या कड्याच्या उंचीवर त्वचेखालून एक पट्टी फिरवून गाठ मारावयाची. ही पट्टी त्यांनी रुग्ण स्त्रीच्याच मांडीवरील स्नायूंच्या चिवट पांढऱ्या आवरणातून काढली. बाळंतपणाचा काळ जवळ आला की टाका सोडवून नैसर्गिक प्रसूती होऊ द्यावयाची, अथवा पोटावर शस्त्रक्रिया करून मूल बाहेर काढावयाचे. ह्या पद्धतीचे वृत्त त्यांनी १९५५ साली मद्रासहून निघणाऱ्या ‘अँटिसेप्टिक’ ह्या वैद्यकीय मासिकात प्रसिद्ध केले. विलायतेच्या मोठ्या नियतकालिकाची वाट न पाहता हिंदुस्थानातील मासिकात छापलेला तो लेख पुढे जगभर उल्लेखिला गेला.

१९५७ साली ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथील डॉ. मॅक्डोनल्ड यांनी थैलीच्या नाडीसारखा सोपा टाका सुचविला. तेव्हापासून ‘शिरोडकर टाका’ व ‘मॅक्डोनल्ड टाका’ ही दोन नावे प्रसूतिगृहांतून जोडीने घेतली जाऊ लागली. कौशल्याचे काम म्हणून शिरोडकरांच्या टाक्याची ख्याती होती. परदेशांतील रुग्णालयांत त्यांनी आपल्या शस्त्रक्रियेची प्रात्यक्षिके करून दाखविली. एके काळी आपले डॉक्टर शिकण्यासाठी बोटीने तिकडे जात. आता तिकडचे डॉक्टर आपल्या माणसाचे हात पाहण्यासाठी टेबलाभोवती उभे राहू लागले. १९६० साली त्यांचा ‘कॉन्ट्रिब्यूशन्स टु ऑब्स्टेट्रिक्स अँड गायनॅकॉलॉजी’ हा ग्रंथ एडिंबरोच्या प्रकाशकांनी छापला. त्याच वर्षी भारत सरकारने त्यांस पद्मभूषण दिले व १९७१ साली पद्मविभूषण. ७ मार्च १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या आणखी एका शस्त्रक्रियेचा निर्देश केला पाहिजे. काही मुलींचे बंध जन्मतःच दुर्बळ असतात व एकही बाळंतपण न होता त्यांचे अंग खाली येते. सैल बंध आखूड करण्याचा उपाय तेथे चालत नाही, कारण बंधांत मुळी जीवच नसतो. अशांसाठी डॉ. शिरोडकरांनी पोट उघडून गर्भाशयाच्या पाठीमागून एक पट्टी त्रिकास्थीच्या वरच्या भागाशी जोडण्याची पद्धत काढली. म्हणजे नैसर्गिक बंधांच्या जागी नवे बंधच उभारले. आतडे व मूत्रवाहिन्या ह्यांच्या सान्निध्यात करावयाचे हे काम अत्यंत अवघड आहे. मुंबईच्याच डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी पोटाच्या पुढच्या भिंतीच्या आवरणातील पट्ट्या गर्भाशयास पुढून जोडण्याची निराळी व सुलभ पद्धत प्रचारात आणली. पुढे डॉ. खन्ना, डॉ. विरकुड यांनी आपापल्या सुधारणा केल्या. एकाच शहरात एकाच विकारावर इतक्या नामांकित पद्धती निघाव्या, ह्याचे कारण वर आलेच आहे. तरुण स्त्रीचे गर्भाशय राखले पाहिजे, ही निकड येथे जितकी होती तितकी अन्यत्र क्वचितच असेल. कुटुंब नियोजनाच्या चळवळीतही शिरोडकर आरंभापासून होते. फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया ह्या संस्थेच्या संस्थापक सदस्यांत त्यांची गणना होते. ज्याला मूल हवे त्याला ते मिळावे, आणि ज्या मातेचे शरीर थकले तिला विसावा मिळावा, ह्या दोन्ही गोष्टी त्यांच्या दृष्टीने एकच होत्या.

थोर माणसाचे चरित्र सांगताना केवळ स्तुती करून थांबणे बरे नव्हे. शिरोडकरांचा टाका गाजला, तसा तो पुढे गरज नसतानाही घातला जाऊ लागला. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या, १२९२ स्त्रियांचा अभ्यास केलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत असे आढळले की, टाक्याचा लाभ सरसकट सर्वांना होत नाही. ज्यांचे तीन वा अधिक गर्भ अकाली गेले आहेत त्यांना तो ठळकपणे होतो. आता मुखाची लांबी ध्वनिलहरींच्या यंत्राने मोजून मगच निर्णय घेण्याकडे कल आहे. तोच प्रकार पट्ट्यांचा. नव्या शतकाच्या आरंभी अंग बाहेर येण्यावर योनिमार्गातून कृत्रिम धाग्यांची जाळी बसविण्याची लाट परदेशांत आली. अनेक स्त्रियांना त्या जाळीचा तीव्र त्रास झाला आणि एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेच्या सरकारने ह्या कामासाठी अशा जाळ्या विकण्यास मनाई केली. सोय व वेग ह्यांपेक्षा रुग्णाचे शरीर काय सोसेल हा विचार आधी केला पाहिजे, हा धडा त्यातून मिळाला.

ह्या क्षेत्राचा आता स्वतंत्र शास्त्र म्हणून विकास झाला आहे. स्त्रियांचा मूत्रमार्ग व ओटीपोटाचा तळ ह्यांच्या विकारांस वाहिलेली आंतरराष्ट्रीय संघटना १९७० च्या दशकात स्थापन झाली. अमेरिकेत २०११ साली त्यास उपशाखा म्हणून मान्यता मिळाली. शिवाय प्रत्येक रुग्णास शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. लॉस एंजेलिसच्या डॉ. केगल यांनी १९४८ साली सुचविलेला ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम, योग्य रीतीने शिकून नेमाने केला, तर लघवी सुटण्याच्या त्रासात पुष्कळ गुण येतो. ज्यांना शस्त्रक्रिया झेपत नाही अशा वृद्ध स्त्रियांना आधाराची कडी बसविता येते. तीही आता शरीराला न बोचणाऱ्या सिलिकोनची मिळते.

शास्त्र इतके पुढे गेले. पण आमच्या आत्याच्या आड जी भिंत होती, ती पडली काय? गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत डॉ. राणी बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ ह्या विख्यात नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांत शेकडा ९२ स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले, आणि पूर्वी कधी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा अवघ्या ८ होत्या. डॉ. शिरोडकरांचा लेख निघून तेव्हा ३४ वर्षे झाली होती. औषध होते, हात होते. विचारणारे कोणी नव्हते, आणि सांगण्याची रीत नव्हती.

ही गोष्ट खेड्यांपुरती आहे असे मानून सुशिक्षितांनी निर्धास्त राहू नये. शहरातील चांगल्या घरांतूनही आजी प्रवासाला येत नाही, लग्नाच्या हॉलमध्ये न्हाणीघर कोठे आहे हे आधी विचारते, हसताना पदर तोंडाशी नेऊन पाय आवळते. आपण म्हणतो, वय झाले. सुनेला दुसरे बाळंतपण होऊन वर्ष लोटले तरी कंबर भरून येते, खाली ओढल्यासारखे होते. आपण म्हणतो, बायकांचे असेच असते. असेच असते हे दोन शब्द आपल्या घरांतून गेले, तर ह्या लेखाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.

आपल्या मंडळाच्या महिला शाखेने हळदीकुंकवाच्या एखाद्या समारंभास स्त्रीरोगतज्ज्ञ भगिनीला पाचारण करावे व तिने बंद दाराआड, मोकळेपणाने, आपल्या भाषेत ह्या दुखण्याची माहिती सांगावी, अशी आमची विनंती आहे. पुरुष मंडळींनी आपली जबाबदारी स्त्रियांवर ढकलू नये. आईला दवाखान्यात नेण्यासाठी रजा काढणे, बाळंतिणीला ओझे उचलू न देणे आणि तिच्या दुखण्याची थट्टा न करणे, ही कामे त्यांची आहेत. आम्ही ती थट्टा लहानपणी केली होती. म्हणून हे सांगण्याचा अधिकार नसला, तरी कर्तव्य आमचे आहे.

डॉ. शिरोडकरांचे नाव जगातील प्रसूतिगृहांतून आजही रोज उच्चारले जाते. ज्या स्त्रियांना त्यांचा गुण आला, त्यांची नावे कोणी लिहून ठेविली नाहीत. ज्या त्यांच्यापर्यंत पोहोचल्याच नाहीत, त्यांची तर नाहीच नाहीत. आमच्या आत्यासारख्या अशा सर्व मायबहिणींचे स्मरण करून आम्ही हा लेख पुरा करितो.